फोटोतली ही कोण?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 26 वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. पुण्यात कोरियन शिकली, कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर सोलला गेली. आता मास्टर्स संपत आलंय आणि दुभाषी म्हणून नोकरी शोधणं चालू आहे. तिकडे नोकरीच्या अर्जाला पुष्कळ ठिकाणी अजून फोटो लागतो, म्हणून ती विद्यापीठाजवळच्या एका स्टुडिओत गेली. तिथल्या मुलीने दहा मिनिटांत संगणकावर तिचा रंग उजळवला, जबडा दोन्ही बाजूंनी आत घेतला, नाकाचा शेंडा बारीक केला. विचारलं काहीच नाही, तिकडची रीतच तशी. तो फोटो तिने आईला पाठवला. आईचा मेसेज आला, "ही कोण गं?" आणि दोन मिनिटांनी दुसरा, "पण छान दिसतेय."

मग कोरियन रूममेटने सोलच्या गंगनम भागातल्या एका क्लिनिकची 'इव्हेंट'ची जाहिरात दाखवली. गोरं होण्याच्या इंजेक्शनांचा दहा वेळांचा कोर्स आणि जबड्याला बोटॉक्स, दोन्ही मिळून सवलतीत. आई म्हणते, "तिथे आहेस तोवर करून घे, आलीस की स्थळं बघायचीच आहेत." मुलगी विचारते: "कॉलेजात गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध भाषण करून मी पहिलं बक्षीस घेतलंय. आता मीच सुई टोचून घेऊ का? नाही घेतली तर नोकरी हातची जाईल का? आणि खरं सांगू ताई, तो फोटो मलाही आवडला. लाज सगळ्यात जास्त त्याचीच वाटते."

प्रिय दुभाषी मुली,

लाजेचं आधी उरकून टाकू. फोटो आवडला तर आवडला, त्यात काय एवढं. 1986 साली माझा 'दाखवायचा' फोटो काढला होता. पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांनी आधी मला भरपूर पावडर थापायला लावली. दोन दिवसांनी फोटो आणायला गेले तेव्हा काका तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, मागून दिवा लावून, डोळ्याला भिंग लावून बसले होते. हातात सुईसारखी टोक केलेली पेन्सिल होती आणि ते माझ्या गालावर बारीक बारीक रेघा ओढत होते. निगेटिव्हवर जिथे शिसं बसतं तिथे कागदावर उजळ येतं. माझे मुरमांचे खड्डे त्यांनी असे एकेक करून बुजवले. फोटो पाहून मी हरखले होते. चार घरी तो गेला, आणि त्यातल्या एका घरच्या काकूंनी मला प्रत्यक्ष पाहिल्यावर अगदी साळसूदपणे विचारलं, "फोटो धाकटीचा होता का?"

तेव्हा तुझ्या स्टुडिओतली ती मुलगी मला काही परकी वाटली नाही. पेन्सिलीच्या जागी माउस आला, इतकंच.

मला तुझ्या पत्रात खटकलं ते निराळंच. 'कोरियन ब्यूटी स्टँडर्ड' हे शब्द तू इतक्यांदा लिहिलेस की ती सोलच्या विमानतळावर उतरल्यावर भेटलेली काही नवीन चीज आहे असं वाटावं. आणि आईचा दुसरा मेसेज? तो साताऱ्याहून आला होता ना? 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' हे आपल्या छापील जाहिरातींतलं मराठी आहे. उन्हात खेळून आलेल्या मुलीला "किती काळवंडलीस" म्हणायला आपल्याकडे कोणी कोरियन आलं नव्हतं. निम्मं ओझं तू इथूनच बॅगेत भरून नेलंस. तिकडे त्यावर जबड्याची आणि चेहऱ्याच्या आकाराची भर पडली. (विठोबा सावळाच आहे की, हे मी म्हणणार नाही. त्याला पदर घेऊन पोह्यांची बशी पुढे करायची नव्हती.)

आता ते 'कोरियन' मोजमाप खरंच किती कोरियन आहे ते बघ. शिन युन-बोक या जोसॉन काळातल्या चित्रकाराचं 'मिइन्दो', म्हणजे सुंदरीचं चित्र, तू कुठे तरी पाहिलं असशील. वह्यांवर, पोस्टरांवर ते सगळीकडे असतं, मूळ चित्र कान्सोंग संग्रहालयाकडे आहे. त्यातली बाई गोल गालांची, बारीक ओठांची. डोळे अरुंद, आणि पापणीवर घडी नाही. दोनेकशे वर्षांपूर्वी तिथल्या रसिकांना जी सुंदर वाटली, तिला आज तुझ्या रूममेटने कदाचित क्लिनिकची तीच जाहिरात दाखवली असती.

मधे काय घडलं याची गोष्ट लांबलचक आहे. तिच्यातला एक तुकडा मात्र तुलाच सांगायला हवा. कोरियन युद्ध थांबल्यावर राल्फ मिलार्ड नावाचा अमेरिकी प्लास्टिक सर्जन तिथे सैन्यासोबत होता. भाजलेले, जखमी झालेले चेहरे दुरुस्त करणं हे त्याचं मुख्य काम. त्याने पापणीवर घडी पाडायच्या शस्त्रक्रियाही केल्या आणि 1955 मध्ये त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्याच्याकडे एक कोरियन माणूस आला होता, उत्तम इंग्रजी बोलणारा. त्याची तक्रार अशी की, माझ्या मिचमिच्या डोळ्यांमुळे माझ्या मनात काय आहे ते अमेरिकनांना कळत नाही, त्यामुळे त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. मला गोल डोळे करून द्या. तो माणूस काय काम करायचा माहीत आहे? दुभाषी होता.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, समोरच्याचा विश्वास कमी पडत होता, आणि दुरुस्ती झाली ती पापणीची. मी त्याला हसणार नाही. उद्ध्वस्त देशात त्याची भाकरी त्या विश्वासावर होती. पण सत्तर वर्षांनी त्याच देशात, त्याच पेशातली एक मुलगी तोच हिशोब मांडत बसली आहे, फक्त पापणीच्या जागी कातडी आणि जबडा आहे. तुझ्या डोळ्यांवर तर ती घडी जन्मापासूनच आहे. रूममेट म्हणते ना, "तुझे डोळे किती मोठे, फुकटात मिळाले!" तू त्यावर सुखावलीस असं लिहिलंयस. सुखाव, पण फार विसावू नकोस. ज्या पट्टीने डोळ्यांना दहापैकी दहा मिळाले, त्याच पट्टीने रंगाला तीन मिळणार आहेत. पट्टी अर्धी ठेवून घेता येत नाही.

रंगाचं प्रकरण मात्र पाश्चात्त्यांच्या माथी मारता येणार नाही. गोरं अंग म्हणजे उन्हात राबावं न लागणारं घर, हे समीकरण तिथेही जुनं, आपल्याकडेही जुनं. त्या इंजेक्शनाला तिकडे 'बेगोक-जुसा' म्हणतात, म्हणजे पांढऱ्या जेडचं इंजेक्शन. आणि फाउंडेशनचा तुझा अनुभव! मोठ्या दुकानात विक्रेतीने तुझ्या मनगटावर 21 नंबर लावला, मग 23 लावला, दोन्ही राखेसारखे दिसले, आणि ती ओशाळून म्हणाली की याहून गडद आमच्याकडे नसतं. तू लिहितेस, "मला तिथेच रडू आलं." बाळा, तिथे कमी पडलं ते दुकान. मोजकेच नंबर ठेवून धंदा करायची त्यांना सवय लागली होती. टिरटिर नावाच्या कोरियन कंपनीवर एका कृष्णवर्णीय व्हिडिओवालीने याच कारणाने टीका केली, तर 2024 मध्ये काही महिन्यांत त्यांनी त्यांच्या 'कुशन' फाउंडेशनच्या छटा 30 पर्यंत नेल्या. अक्कल आली म्हणून की गिऱ्हाईक दिसलं म्हणून, ते सोड. पण 23 च्या पुढे रंग बनवताच येत नाही, असं काही नव्हतं.

तुझा दुसरा समज असा दिसतो की तिकडच्या मुली या मापात बसतात आणि तू एकटी बाहेर राहिलीस. रूममेटला कधी निवांत विचार. तुझ्याच पत्रात आहे की बारावीच्या वर्षातली ती नोव्हेंबरातली मोठी प्रवेश परीक्षा झाल्यावर तिने डोळे करून घेतले. परीक्षेचं प्रवेशपत्र दाखवलं की क्लिनिकं सवलत देतात, आपल्याकडे दहावीच्या निकालावर मोबाइलवाले देतात तशी. अठराव्या वर्षी जिला हे बक्षीस म्हणून मिळतं, तिने तुला जाहिरात दाखवली त्यात वाईट हेतू शोधू नकोस. तिच्या जगात ती माया आहे.

त्यांच्याकडे याला शब्दही आहे, 'ओल्प्योंग', चेहऱ्याला मार्क देणं. तो तू माझ्याआधी शिकली असशील. आणि त्याला वैतागलेल्या बायकाही तिथल्याच. 2018 च्या सुमारास 'थाल-कोर्सेट', म्हणजे बायकांची कंबर आवळणारं ते कॉर्सेट उतरवून टाका, असं म्हणत कितीतरी मुलींनी केस बारीक कापले, लिपस्टिका मोडून त्यांचे फोटो टाकले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीवर इम ह्यॉन-जू ही निवेदिका सकाळच्या बातम्यांना चष्मा लावून बसली, तर तीच बातमी झाली. नुसता चष्मा! पुरुष निवेदक कधीपासून लावत होते. किम गो-उनसारखी अभिनेत्री घडी नसलेल्या पापण्यांनीच एवढी लोकप्रिय आहे. तेव्हा 'कोरियन सौंदर्य' असं एकमुखी काही तिथेही नाही, भांडण चालू आहे. तू भांडणात पडलंच पाहिजेस असं नाही. लिपस्टिक मोडायची गरज नाही, महाग असते.

आता नोकरी. इथे मी तुझी भीती झटकून टाकणार नाही, कारण ती पोकळ नाही. पण नेमकी करून घे. जुलै 2019 पासून तिथे कायदा आहे की 30 किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीने कामाशी संबंध नसताना उमेदवाराचं रूप, उंची, वजन अशी माहिती मागायची नाही. मागितली तर 50 लाख वॉनपर्यंत दंड. ओळख पटवण्यासाठी फोटो मागणं मात्र त्यात अडकत नाही, आणि फोटो पाहून मनात काय येतं त्याला कायदा लावता येत नाही. कायदा आहे म्हणून निर्धास्त राहा, असं मी म्हणत नाहीये. पण अर्जात उंची-वजन विचारलं असेल तर ते कंपनीचं चुकतंय हे तुला ठाऊक असू दे, रकाना रिकामा ठेवायला तेवढंच बळ येतं.

फोटो नवीन काढ. तत्त्वासाठी नव्हे, व्यवहारासाठी. दुभाषाला लोक मुलाखतीला समोर बोलावतात. दार उघडून आत येते ती आणि कागदावरची, या दोघींत फरक दिसला की पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. मला त्या काकूंचा प्रश्न अजून आठवतो. स्टुडिओत आधीच सांग: केस नीट करा, कॉलरची सुरकुती काढा, मुरूम आलाय तो काढा, रंग आणि जबडा आहे तसा ठेवा. तुझं कोरियन इतकं चांगलं आहे, हे चार वाक्यांचं काम. आणि शक्य असेल तर बाजूला बसून स्क्रीन बघ, कारण सवयीने हात चालतो त्यांचा.

मग प्रश्न असा की अर्ज कुठे करायचे. तू पाठवलेल्या यादीत सगळी सोलची चकचकीत ऑफिसं आहेत, जिथे उत्तम कोरियन बोलणाऱ्या पाच हजार कोरियन मुली रांगेत आहेत. तुझं जे कोणाकडे नाही ते त्या यादीत कुठेच कामाला येत नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. या कंपन्यांच्या तिकडच्या मुख्यालयात, त्यांना माल पुरवणाऱ्या लहान कंपन्यांत, कामगारांचं मराठी, कारकुनांचं हिंदी आणि साहेबांचं कोरियन या तिन्हींमधून चालणारं माणूस किती असेल? शॉपफ्लोअरवर 'जरा दमानं घ्या साहेब' याचं कोरियन करताना आदराचा प्रत्यय कुठला लावायचा, हे ज्या मुलीला कळतं तिच्या जबड्याची रुंदी कोण मोजत बसणार? बसेलही एखादा. पण तिथे तुझी बाजू जड असेल. सोल सोडून ये असं मी म्हणत नाही, सोलमध्येच कुठल्या दारावर थाप मारायची तेवढं बदल.

इंजेक्शनाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण अशी पत्रं मला नगरहून, नागपूरहूनही येतात. त्यात बहुतेक ठिकाणी ग्लुटाथायोन असतं. ते शरीरात मुळातच असतं, औषध म्हणून त्याचे वेगळे उपयोगही आहेत, पण गोरं करायला शिरेतून देणं ही निराळी गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने त्वचा उजळवणारं एकही इंजेक्शन मंजूर केलेलं नाही आणि लोकांना त्यापासून सावध केलं आहे. फिलिपिन्समध्ये याचं फार वेड आहे, तिथल्या सरकारी औषध विभागालाही मूत्रपिंड, यकृत आणि त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियांबद्दल इशारे द्यावे लागले. फरक पडलाच तरी टिकत नाही, म्हणजे कोर्स संपला की पुढचा कोर्स. जबड्याचं बोटॉक्सही काही महिन्यांनी उतरतं. आणि क्लिनिकवाले लेझर 'टोनिंग' सोबत फुकट देतो म्हणाले तर आधी थांब: आपल्या रंगाच्या त्वचेवर लेझर चुकीच्या मापाने बसलं तर काळे डाग किंवा पांढरे ठिपके मागे राहतात. डॉक्टरला विचारायचं ते असं: माझ्या वर्णाचे किती रुग्ण तुम्ही पाहिलेत, त्यांचे फोटो दाखवा. गडबडले की उठायचं.

एवढं सगळं ऐकूनही कधी काळी तुला जबड्याचं काही करावंसं वाटलं, तर तुझं शरीर आहे, मी पोलीस नाही. डोळे करून घेतलेल्या तुझ्या रूममेटला मी कमी लेखत नाही, तूही लेखू नकोस. माझी अट एकच: नोकरी शोधण्याच्या महिन्यांत नको, 'इव्हेंट'ची तारीख संपायच्या आत नको. नोकरी लागून सहा महिने झाले की परत विचार कर. तेव्हाही तितकंच वाटत असेल तर मला कळव, आपण नीट बोलू.

आणि ते बक्षीस मिळालेलं भाषण. एकोणीस वर्षांच्या मुलीने फळ्यासमोर उभं राहून जे म्हटलं ते खोटं नव्हतं. तेव्हा तुझा फोटो कोणी दुरुस्त करून हातात दिला नव्हता, एवढंच. आता दिला, आणि मन डळमळलं. याला ढोंग म्हणत नाहीत.

रोजच्या बोलण्याचं काय करायचं हेही तू विचारलंयस. मेकअप नसला की "पीगोन्हे बोयोयो", थकलेली दिसतेस, हे तिकडे जेवलीस का इतक्या सहज म्हणतात. त्याला उत्तर वादाचं नको. "झोप छान झाली, हा माझा चेहराच असा" असं हसून म्हण आणि कामाचं बोलायला लाग. उन्हाळ्यात साताऱ्याहून परतल्यावर "काळी झालीस" म्हणाले तर "हो, आंब्याच्या झाडाखाली बसले होते, तरी ऊन लागलंच" म्हण आणि आंब्याच्या वड्या पुढे कर. तिसऱ्यांदा कोणी तेच म्हणालं तर मात्र हसू नकोस, नुसती बघत राहा. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, बिनभाषेचं आहे, कुठल्याही देशात चालतं.

इथल्या मुलींसाठीही दोन ओळी, कारण कोरियन मालिका बघून 'ग्लास स्किन', म्हणजे काचेसारखी तुकतुकीत त्वचा, मागणाऱ्या डोंबिवलीपासून लातूरपर्यंत आहेत. एकावर एक सात-आठ द्रव थापायची ती पद्धत तिथल्या कोरड्या कडाक्याच्या थंडीत आणि तापवलेल्या जमिनीच्या घरात सोसते. मे महिन्यात लोकलमध्ये तेच लावून गेलात तर काच राहू दे, चिकटपट्टी होईल, वर मुरमं. चेहरा धुवायला सौम्य काहीतरी, एक मॉइश्चरायझर, आणि उन्हाचं क्रीम. ते काळं पडू नये म्हणून नव्हे, त्वचा भाजू नये म्हणून. आणि मेडिकलवाल्याने हातात दिलेली, पटकन उजळवणारी स्टेरॉइडची ट्यूब कचऱ्यात. महिनोन्‌महिने लावून एकदम सोडली की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून आधीपासून लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच सोडा.

राहिली आई. तिच्यावर रागावू नकोस, पण तिला मोकळंही सोडू नकोस. ती कोणाची मुलगी, कोणाची सून, तिच्या रंगावर तिला काय काय ऐकावं लागलं, हे तू कधी विचारलंयस? विचार. बहुतेक ती उडवून लावेल, मग भाजी निवडता निवडता एखादा प्रसंग निघेल. स्थळांचं म्हणशील तर इंजेक्शनं बंद झाल्यावर वर्षभराने तू पुन्हा सावळी होणार, तेव्हा त्या घरात तुझी बाजू कोण घेणार, हा प्रश्न तिला सरळ विचार. व्यवहाराची भाषा आयांना पटकन कळते.

तिचा पहिला मेसेज मला दुसऱ्यापेक्षा खरा वाटतो. तिने आधी तुला शोधलं, तू सापडली नाहीस, म्हणून विचारलं. नवा फोटो काढलास की कंपनीच्या आधी तिला पाठव, सोबत काही लिहू नकोस. बघू काय म्हणते.

तुझी,
ताई